मामेसासरे आणि त्रेसष्ट टक्के

माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांनी, उभ्या आयुष्यात डोळ्यांसमोर आलेली एकही लिहिलेली ओळ वाचल्याशिवाय सोडलेली नाही. असा दुसरा माणूस यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि बाहेर असला तर मला माहीत नाही. हे मी कौतुकानेच सांगतो आहे, पण सांगताना माझी मान खाली जाते. का जाते ते सांगायलाच हा सगळा खटाटोप आहे.

मामा एस. टी. चं तिकीट हातात पडलं की पुढून वाचतात, मग उलटं करून मागून वाचतात, आणि मगच खिशात ठेवतात. लग्नपत्रिका आली तर गणपतीच्या नावापासून सुरुवात करून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत जातात, आणि चुलत घराण्यातलं एखादं नाव राहून गेलं असेल तर मुलीच्या बापाला लग्नाआधी फोन करून कळवतात. एकदा बिस्किटाच्या पुड्यावर ‘आपला अभिप्राय आम्हांला कळवा’ असं छापलेलं त्यांना दिसलं. कोणी इतक्या आपुलकीने विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही, हे मामांच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, त्यात बिस्किट चांगलं आहे पण चहात फार लवकर सुटतं असं कळवलं, आणि पुढे सहा महिने पोस्टमनला उत्तराबद्दल विचारत राहिले. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डबीतला घडी घातलेला कागद त्यांनी शब्दकोश घेऊन वाचून काढला आणि त्यात सांगितलेला एकेक त्रास कधी सुरू होतो याची वाट बघत बसले. पंधरा दिवसांनी मामींना म्हणाले, “तोंड कोरडं पडते म्हून लिहिलं हाये, मले तं काही पडून नाही राह्यलं. गोळी खरी असन ना?”

हा वाचनाचा आणि नोंदींचा रोग त्यांना नोकरीत जडला असावा. मामा वनरक्षक होते. झरी जामणीकडच्या जंगलात त्यांची सगळी नोकरी पायी गेली. वनरक्षकाने रोज गस्तीची डायरी लिहायची असते. बाकीचे लोक शनिवारी बसून आठवड्याची एकदम लिहीत. मामा मात्र झाडाखाली थांबून घड्याळ बघून लिहीत. त्यांची एक गोष्ट त्या भागातल्या जुन्या लोकांना अजून आठवते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राण्यांची मोजणी असते, तशी एका वर्षी होती, आणि मामा चोवीस तास मचाणावर बसले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर नीलगाई, रानडुकरं, एखादं अस्वल, काहींच्या कागदावर तर वाघसुद्धा होता. मामांच्या कागदावर चोवीस तासांपुढे एकच ओळ होती, ‘काही आले नाही.’ साहेब म्हणाले, अहो निदान एखादं माकड तरी टाका. मामांनी सांगितलं, “माकड आलं होतं साहेब, पन त्यानं पानी नाही पेलं. तुमच्या फारमात पानी पेलेले प्राणी लिहाले सांगतलं हाये.”

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला. तो त्यांच्या नागपूरला नर्स असलेल्या मुलीने पाठवला होता. बाजारात मिळणाऱ्यांतला सर्वांत स्वस्त, वजनाला वहीसारखा, आणि पोटात जागा इतकी कमी की त्याला स्वतःचाच संसार जेमतेम मावायचा. मी पांढरकवड्याला एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहे. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे सासुरवाडीच्या सगळ्या गोतावळ्यात मी ‘कॉम्प्युटरवाले जवाई’. कोणाचा फोन अडकला, कोणाचा फॉर्म भरायचा राहिला की मला बोलावणं येतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. ऑफिसात मला कोणी कशाबद्दल विचारत नाही.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यावर अटींची लांबलचक यादी आली आणि खाली ‘मी सहमत आहे’ असं बटण. जगातला कोणताही माणूस इथे बटण दाबतो. मामांनी चार दिवस वाचलं. पाचव्या दिवशी मला फोन केला. “बापू, हे लोकं म्हनते का तुमचं काही नुकसान झालं तं आमी जबाबदार नाही. मंग जबाबदार कोन?” मी हसलो. म्हटलं, कोणीच नसतं मामा, दाबा तुम्ही. मला वाटतं माझ्या शब्दाखातरच, त्यांनी ते दाबलं.

लॅपटॉप त्यांना एका कामासाठी हवा होता, आणि ते काम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या नोकरीतली बावीस वर्षं भीमादादा नावाचा एक कोलाम आदिवासी माणूस वनमजूर म्हणून त्यांच्यासोबत जंगल फिरला होता. डोंगरातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, त्याचं घर. सरकारी नकाशात त्या जंगलाला नुसते आकडे आहेत. भीमादादाकडे मात्र प्रत्येक ओढ्याला, प्रत्येक वळणाला, एकट्या उभ्या असलेल्या दगडालासुद्धा कोलामीतलं नाव होतं. एका टेकडीच्या नावाचा अर्थ ‘जिथं पाऊस आधी वाजतो’ असा होता. एका डोहाचं नाव अस्वलीण पिल्लाला पोहायला शिकवते त्यावरून पडलेलं. मामा निवृत्त झाल्यावर त्यांना एकदम वाटलं की हे कुठेच लिहिलेलं नाही. न लिहिलेली गोष्ट जगात आहे ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मग ते आणि भीमादादा दोन हिवाळे पुन्हा ते सगळं जंगल फिरले. प्रत्येक ठिकाणी उभं राहून भीमादादा नाव सांगायचा, ते का पडलं ते सांगायचा, मध्येच खोकायचा, आणि मामा फोनवर ते रेकॉर्ड करायचे. कागदावर का लिहिलं नाही म्हणून मी विचारलं होतं. मामा म्हणाले, त्या भाषेतले काही आवाज आपल्या अक्षरात बसतच नाहीत. चुकीचं लिहिण्यापेक्षा त्याचं त्यालाच बोलू द्यावं. दोनशेच्या वर नावं झाली. फोन भरला, तेव्हा सगळं लॅपटॉपमध्ये टाका आणि फोनमधून काढून टाका, तिथे सुरक्षित राहील, असा सल्ला मीच दिला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात भीमादादा वारला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी लॅपटॉपवर एक सूचना येऊ लागली, की या जुन्या प्रणालीला यापुढे आधार मिळणार नाही, नवी घ्या. मामांनी ती तीन वेळा वाचली आणि मला फोन करून गंभीरपणे विचारलं की लॅपटॉपलेबी आधार लागते काय. मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ती नवी प्रणाली टाकायला सुरुवात केली आणि ती त्रेसष्ट टक्क्यांवर थांबली. दुसरा माणूस वैतागला असता, बटणं बडवली असती. मामा मचाणावर बसल्यासारखे समोर बसले. मी रविवारी सकाळी मोटरसायकलने पोचलो तेव्हा त्यांनी मला डायरी दाखवली. ‘८.१० : ६३ टक्के. ८.४० : ६३ टक्के. गोल फिरणे चालू. ९.१५ : ६३ टक्के. गोल फिरणे मंद वाटते, भास असू शकतो.’ आदल्या दिवशीच्याही दोन पानं नोंदी होत्या. मामी म्हणाल्या, जेवायलासुद्धा तिथेच ताट मागितलं, पाठ फिरवली आणि तेवढ्यात पुढे सरकलं तर नोंद चुकेल म्हणून.

घरात त्या दिवशी माणसं होती. मामींचे भाऊ आले होते, शेजारचे दोघे बसले होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाह्या सरसावल्या. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला. बराच वेळ कण्हल्यासारखं करून तो जुन्या अवस्थेत परत आला. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. ‘भीमादादा’ नावाचा पिवळा फोल्डरही तिथेच होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. मामा मागून हळूच म्हणाले, “बापू, आंदी हे आवाज दुसरीकडं काढून ठेवाचे काय?” माझ्या खिशात रिकामा पेन ड्राइव्ह होता. दहा मिनिटांचं काम. पण दहा मिनिटं कॉपी होताना बघण्यात कसली हुशारी दिसणार? मी म्हणालो, काही होत नाही मामा.

मी नवी प्रणाली टाकणं पुन्हा सुरू केलं, आणि दुसऱ्यांदाही ते त्रेसष्टवरच अडकलं. कारण साधं होतं, लॅपटॉपच्या पोटात जागाच नव्हती. थोडी साफसफाई केली असती तर भागलं असतं. पण मामींचे भाऊ एव्हाना कंपनीवाल्यालाच बोलावा म्हणू लागले होते, आणि मला घाम फुटला होता. नवी प्रणाली भरून सोबत आणलेल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून मी सगळं नव्याने टाकायला घेतलं. पडद्यावर डिस्कचे तीन-चार भाग दिसले. एकावर जाईना, दुसऱ्यावर जाईना, म्हणून मी ते एकेक पुसत गेलो. प्रत्येक वेळी एक इंग्रजी चौकट वर येत होती. मामा चष्मा सावरून पुढे वाकले आणि म्हणाले, “काय लिहिलं हाये थे? वाचून घ्या ना जरा.” मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, “हे कोणी वाचत नसते मामा,” आणि ‘हो’ दाबलं. त्यांना अर्धी ओळसुद्धा वाचता येऊ नये इतक्या घाईने दाबलं. हे मला आजही बोटाच्या टोकात जाणवतं.

मग ते सरसर पुढे गेलं. त्रेसष्ट ओलांडलं तेव्हा मामींच्या भावांनी शाबास म्हटलं. शंभर झाले. नवाकोरा निळा पडदा आला, मामींनी सगळ्यांसाठी चहा टाकला. मामांनी डायरीत वेळ लिहिली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, “भीमादादा कुठं हाये?”

मला त्या क्षणी सगळं कळलं.  मी उगीच इकडेतिकडे क्लिक करत राहिलो. आणि मग, मामींचे भाऊ बशीत चहा ओतत होते त्या आवाजात, मी म्हणालो की मामा, डिस्क आधीच खराब झाली होती, म्हणून तर ते अडकत होतं, आतलं सगळं आधीच गेलेलं होतं. हे मी इतक्या सफाईने बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. फोल्डर दोन तासांपूर्वी त्यांनीही पाहिला होता. पण माझ्या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनाच खोटं मानलं. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, “बिचारं. कवाचं दुखत असन त्याले, अन् आपन अडकलं म्हून बोल लावून राह्यलो.”

मी जेवून निघालो. जेवणात काय होतं ते आठवत नाही.

दोन दिवसांनी तपासून आणतो म्हणून मी लॅपटॉप यवतमाळला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने अर्धा दिवस खटपट केली आणि सांगितलं की नवीन प्रणाली जुन्यावरच लिहिली गेली आहे, काही हाती लागणार नाही. मग सहज विचारलं, हे भाग पुसले कोणी? मी म्हणालो, आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांना थोडंफार येतं. तो म्हणाला, असे थोडंफार येणारेच जास्त नुकसान करतात. मी मान डोलावली.

खरा छळ तर पुढे सुरू झाला. मामांनी माझं कौतुक सुरू केलं. खोटी नोंद त्यांना जमत नाही, पण जी त्यांना खरी वाटत होती ती त्यांनी सगळीकडे लावून धरली. घरात एका बाळाचं बारसं होतं, तिथे पंगतीत त्यांनी लोकांना सांगितलं की बापूनं सुट्टीचा दिवस घालवला, चार तास पाठ वाकडी केली, अन् मशीन मरून पडलं होतं थे जितं केलं. भीमादादाचं गेलं, पन त्याले बापू काय करन. पंगतीतल्या दहाजणांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मी पानातल्या बुंदीत बोट फिरवत राहिलो. बायकोने घरी आल्यावर विचारलं, तुम्ही मामांना टाळून काहून राह्यले? मी तिलाही सांगितलं नाही. मला मामांचा फोन आला की माझ्या कानशिलांतून गरम वाफा निघायच्या, आणि ते मात्र विचारायचे, यवतमाळला तुम्हाले लय तरास झाला असन ना, बापू.

दीड-दोन महिने मी असे काढले. मग एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर घरी न जाता सरळ त्यांच्या गावाला गेलो. मामा अंगणात कुंपणावर चढलेल्या वालाच्या वेलाला सुतळी बांधत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. मी खाली न बसता, चप्पल न काढता, रस्त्यात पाठ केलेलं बोलून टाकलं. म्हटलं, “मामा, डिस्क खराब नव्हती. थे आवाज मीच पुसले. तुम्ही वाचा म्हणत होते, मी वाचलं नाही. अन् वरून खोटं बोललो.”

मामांनी हातातली गाठ पूर्ण केली. मग दुसरी सुतळी घेतली, तिला पीळ दिला, आणि तीही बांधली. मला वाटलं ते काहीतरी मोठेपणाचं बोलतील, जाऊ द्या म्हणतील; मी तेवढीच आशा धरून आलो होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मशीननं केलं तं राग नाही येत बापू. म्या त्याले कवाचंच माफ केलं होतं. आता तुमच्यावर राग करा लागन.” थोडं थांबून म्हणाले, “जवायावर राग धराची मले सवय नाही. टाइम लागन. तुमी चहा पिऊन जा.”

चहा मामींनी दिला. मामा आत आले नाहीत.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. रोज सकाळी हवामान सांगायला येणारा फोनही बंद झाला. मी बायकोला सगळं सांगितलं. तिनेही त्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. एकोणिसाव्या दिवशी फोन वाजला. मामा म्हणाले, “राग गेला काय थे पाहाले फोन लावला. आवाज आयकल्यावर समजते ना. हाये अजून थोडा.”  मग त्यांनीच पुढे सांगितलं की भीमादादाची मोठी बहीण पोडावर आहे, तिला काही नावं येत असतील, रविवारी गाडी घेऊन या.

तेव्हापासून बहुतेक रविवारी आम्ही जातो. रस्ता पुढे पुढे नुसता दगडांचा आहे, मामा मागे बसून वाटेतली प्रत्येक पाटी वाचतात, आणि राग असतो त्या दिवशी मोठ्याने वाचत नाहीत, एवढाच फरक. भीमादादाची बहीण ऐंशीच्या पुढची, तंबाखू मळत बोलते आणि भावाचं सांगणं तिला फारसं मान्य नाही. अर्ध्या ठिकाणांची नावं ती वेगळीच सांगते. तो डोह अस्वलिणीचा नाहीच, असं तिने आम्हांला ठणकावून सांगितलं. माझ्या भावाला सगळीकडे अस्वलंच दिसायची, असं वर म्हणाली. मामांनी तेही रेकॉर्ड केलं आणि डायरीत दोन्ही नावं लिहिली. ‘मतभेद आहे,’ असा शेरा मारला. घरी येऊन मी ते सगळं तीन ठिकाणी काढून ठेवतो. पडद्यावर कसलीही चौकट आली की मी हात मांडीवर ठेवतो, मामा ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात, अडलं तर शब्दकोश उघडतात, आणि मग मला म्हणतात, दाबा.

आतापर्यंत नव्वदएक नावं परत मिळाली आहेत. काही मामांना स्वतःला आठवतात, ती ते फोनसमोर बोलतात. पण भीमादादाचा तो आवाज त्यांच्या घशातून निघत नाही. तीन-तीन वेळा बोलून बघतात आणि मग स्वतःच पुसायला लावतात, चुकीचं ठेवायचं नाही म्हणून. बाकीची आता कोणालाच येत नाहीत.

मागच्या रविवारी परत येताना एका ओढ्याशी गाडी थांबवली. पाणी फारसं नव्हतं, गुडघ्याएवढं, पण खडकावरून वाजत चाललं होतं. पलीकडच्या काठावर दोन करवंदीच्या जाळ्या होत्या. मी हात धुतले आणि विचारलं, मामा, याचं नाव काय होतं?

मामा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. ओठ एकदा हलले, मला वाटलं आठवलं. मग म्हणाले, “होतं. नाव होतं त्याले.”

मी गाडीला किक मारली. ते माझ्यामागे बसले, आणि उतारावर पहिल्यांदाच त्यांनी आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला.